सौ. आशालता घोगरे यांची टपाल-पाहणी

माझी बायको आशालता गेल्याची बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. तिने पुण्याच्या दवाखान्यात सकाळी प्राण सोडला. दुपारी मी तिला गाडीतून घेऊन आलो तेव्हा कैलासने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं होतं आणि आमच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. कुणी कळवलं, कसं कळलं, देव जाणे. गॅसची गाडी येणार असली तर आमच्या गावात ती निघून गेल्यावर कळतं. ही बातमी मात्र वेळेवर आली.

गावाचं नाव मी सांगणार नाही. मुळशी तालुक्यात, चांद्याच्या पुढे, एवढं पुरे. पुढे टपालाविषयी बरंच बोलायचं आहे आणि माझ्यामुळे कुणाची बदली झालेली मला नको आहे.

तर त्या गर्दीत गेणबा पोस्टमनही आला. टोपी काढून, हात जोडून उभा राहिला. मग जरा घुटमळला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, ह्ये रजिस्टर हाय. ताईंच्या नावचं. सही लागंल."

तो हळू बोलला होता, पण नेमकं त्याच वेळी रडणं थांबलं होतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. कैलासची आई धोंडाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या कडाडल्या, "आरं मुडद्या, आजचा दिस तरी सोड की!" आणि लगेच आपण कोणता शब्द कुठे वापरला हे लक्षात येऊन त्यांनी पदर तोंडाला लावला.

आमचे शेजारी बंडोपंत हे निवृत्त हेडक्लार्क आहेत. कागद दिसला की त्यांना राहवत नाही. ते पुढे होऊन म्हणाले, "विठ्ठलराव, तुम्ही सही करा. खाली 'करिता' लिहा. म्हणजे नियमात बसतं."

मी सही केली. आशालता घोगरे करिता. बाहेर बांबू बांधत होते आणि मी 'करिता' लिहीत होतो. या प्रसंगाचा मला आजही राग येतो, पण नेमका कुणाचा ते ठरवता आलेलं नाही.

तेराव्यानंतर मुलगा मनीष चेन्नईला परत गेला. हे घर खरं म्हणजे त्याचं. हिंजवडीला नोकरी होती म्हणून त्याने इथे रो-हाउस घेतलं, आम्हांला बार्शीहून बोलावलं, आणि आम्ही सामान लावून होतो न होतो तोच कंपनीने त्याला चेन्नईला पाठवलं. असो. तो गेल्यावर मी ते रजिस्टर फोडलं.

आत टपाल-पाहणीचे कागद होते. पुण्यातली एक कंपनी पत्र पोचायला किती वेळ लागतो ते मोजत होती. ती ठिकठिकाणच्या घरांना पत्रं टाकणार. घरच्या माणसाने पत्र कोणत्या तारखेला हातात पडलं ते छापील कार्डावर लिहायचं आणि महिनाअखेरीला कार्ड परत पाठवायचं. तेही टपालानेच. म्हणजे टपाल उशिरा येतं हे त्यांना उशिराच कळणार, पण तो त्यांचा प्रश्न. या कामाला मानधन होतं.

आशालताने पेपरातली जाहिरात वाचून अर्ज केला होता. एक मुलगी येऊन तिची मुलाखतही घेऊन गेली होती. तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, "मोबाइलच्या दिवसांत पत्रं कोण पाठवतंय?"

ती म्हणाली होती, "म्हणूनच. ही माणसं पाठवणार म्हणतायत ना? मग येऊ देत की."

आता सभासद म्हणून तिची निवड झाली होती. 'सौ. आशालता विठ्ठलराव घोगरे, आपले अभिनंदन.'

आधी वाटलं, द्यावं सोडून, या वयात कशाला त्रास? पण मला कसला त्रास? मी जन्मभर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. आलेला माल उतरवून घ्यायचा आणि तारीख टाकायची. नियमपुस्तिकेत लिहिलं होतं की घरातली कोणतीही सज्ञान व्यक्ती नोंद करू शकेल. घरात मी एकटाच होतो आणि सज्ञान होतो. मी ठरवलं, तिने हौसेने घेतलेलं काम आपण नीट करायचं.

नियमपुस्तिकेतले दोन नियम मात्र सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यातून झाला. एक, सभासदाने पाहणीविषयी कुणालाही सांगायचं नाही. पोस्टमनला नाही, शेजाऱ्यांना नाही. सांगितलं तर सगळे सावध होतील आणि पाहणी खोटी ठरेल. हे ठीक. दुसरा असा: 'पाहणीच्या पाकिटांवर ओळखीची खूण असेल. गुप्ततेच्या दृष्टीने ही खूण सभासदांना सांगता येत नाही.' हा नियम मी चार वेळा वाचला. ज्या खुणेने ओळखायचं ती खूण सांगायची नाही! आमच्या स्टोअरमध्ये असा नियम कुणी केला असता तर त्याला नटबोल्ट निवडायला बसवला असता.

मी वाट पाहू लागलो.

इथे आमच्या टपालाची पद्धत सांगतो. गेणबा घरोघर फिरत नाही. रो-हाउसवाल्यांचं सगळं टपाल तो कैलासच्या दुकानात ठेवतो. दुकानात डेअरीचं दूध असतं, त्यामुळे रोज प्रत्येक घरातून कुणी ना कुणी तिथे जातंच. दुधाबरोबर पत्र. यात कुणाचीच तक्रार नव्हती. माझीही नव्हती.

मी रोज सकाळी पिशवी घेऊन जायचो आणि विचारायचो, "कैलास, आमचं काही पत्र?"

"न्हाई काका," कैलास म्हणायचा. पण तो माझ्याकडे बघून म्हणायचा नाही. तागडीकडे बघून म्हणायचा. आणि मग, "च्या टाकू का? बसा की जरा."

पायरीवर बसलेल्या धोंडाबाई विचारायच्या, "जेवतोस ना रं बाबा येवस्थित?"

सकाळी सात वाजता जेवणाची चौकशी! मी म्हणायचो, "जेवतो मावशी. पत्र नाही ना आलं?"

"कशाला आठवण काढतुयास पत्राची? न्हाई येत ती बरी."

महिना संपला. मी कार्डावर 'एकही पत्र आले नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्यातही तेच.

याच सुमाराला गावाचं माझ्याशी वागणं बदललं. बदललं म्हणजे वाईट झालं असं नाही. उलट जो तो गोड बोलायचा. पण मारुतीच्या देवळात गुरुवारी भजन असतं, तिथे मी टाळ वाजवतो. एका गुरुवारी टाळ उचलायला गेलो तर एकाने हळूच माझ्या हातातून काढून घेतला. "राहू द्या काका. तुमी नुसतं ऐका. जरा तितं, खांबापाशी बसा." प्रसाद वाटायला मी उठलो तर तिघे जण एकदम म्हणाले, "बसा, बसा." मला वाटलं, माझा आवाज बसला आहे म्हणून असेल. पण टाळ वाजवायला आवाज कशाला लागतो?

मग कैलासच्या बहिणीचा, रेश्माचा साखरपुडा झाला. मांडव आमच्या खिडकीतून दिसत होता. आख्ख्या रो-हाउसला बोलावणं होतं, बंडोपंतांना होतं, नुकत्याच राहायला आलेल्या आयटीतल्या दोन पोरांना होतं. कैलासला त्यांची नावंही ठाऊक नसतील. मला नव्हतं. ज्या रेश्माला आशालताने भरतकाम शिकवलं, तिच्या साखरपुड्याला मला नव्हतं. संध्याकाळी कैलास स्वतः येऊन जिलबीचा पुडा देऊन गेला. मी म्हटलं, "काय रे, आम्ही परके झालो?" तर तो "तसं न्हाई वो काका" एवढं बोलून अक्षरशः पळाला.

मी ती जिलबी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ली, पण रागाने खाल्ली.

बायको गेलेला माणूस शुभकार्यात नको, असंच हे असणार, असा मी निष्कर्ष काढला. आणि फार अपमान वाटला. असं काही बायकांच्या बाबतीत करतात हे मी ऐकून होतो आणि तेही मला कधी पटलं नाही. आता ते पुरुषांनाही लागू झालं म्हणायचं!

आणि मग कंपनीचं पत्र आलं. हे साध्या लांबट पाकिटात होतं आणि कैलासने ते निमूट माझ्या हातात दिलं.

'सौ. आशालता घोगरे. आपणांस नियमितपणे पत्रे पाठविण्यात आली असून आपण एकाही पत्राची नोंद केलेली नाही. आपल्या नोंदी अविश्वासार्ह असल्याचा शेरा आपल्या नावापुढे ठेवण्यात येत आहे.'

अविश्वासार्ह! गॅसचा सिलिंडर एक दिवस उशिरा आला तर गॅसवाल्याला थांबवून पावतीवरची तारीख खोडून खरी लिहायला लावणारी बाई ती. तो म्हणायचा, "काय फरक पडतो ताई?" ती म्हणायची, "तुला नाही पडत ना? मग लिही." त्या बाईच्या नावापुढे शेरा. आणि तोही ती नसताना, माझ्या हातून. माझ्या नावापुढे काय वाटेल ते लिहा. मी स्टोअरकीपर होतो, मला चोर म्हणून झालेलं आहे. पण हे मी खपवून घेणार नव्हतो. हा शेरा पुसला जायलाच हवा होता.

गुप्ततेचा नियम मी इथे पहिल्यांदा मोडला आणि बंडोपंतांना विचारलं. त्यांनी पत्र उजेडात धरून वाचलं, जणू नोट तपासत होते.

"माहितीच्या अधिकारात अर्ज टाका."

"खासगी कंपनी आहे हो."

"मग टपालखात्यावर टाका. कुणावर तरी टाका. अर्ज पडलेला बरा असतो." मग जरा विचार करून म्हणाले, "नाहीतर असं करा. तुम्हीच स्वतःला पत्रं टाका. आली तर टपाल ठीक आहे. नाही आली तर पुरावा हातात."

हा सल्ला मला पटला. या वयातही मला बंडोपंतांचे सल्ले पटतात, ही माझी मूळ अडचण आहे.

मी पौडला जाऊन पोस्टकार्डं घेतली आणि तिथल्याच पेटीत टाकायला लागलो. कोरं कार्ड टाकलं तर संशय येईल म्हणून वर थोडा मजकूर लिहायचो. 'प्रिय विठ्ठलराव, तुम्ही बरे आहात ना? मी बरा आहे. आपला, विठ्ठलराव.' दुसऱ्यावर लिहिलं, 'प्रिय विठ्ठलराव, बऱ्याच दिवसांत पत्र नाही. काळजी वाटते.'

सगळी कार्डं आली. वेळेवर आली. कैलास ती माझ्या हातात देताना अगदी हळुवारपणे द्यायचा. पोस्टकार्ड उघडं असतं आणि गावात ते वाचतात, हे मी विसरलो होतो.

आठवड्याभरात मनीषचा फोन आला. कामाच्या वेळात आला म्हणून मी घाबरलो.

"बाबा, तुम्ही स्वतःला पत्रं लिहिताय?"

"कुणी सांगितलं?"

"कैलासने फोन केला होता. नंबर आईने दिलेला होता त्याच्याकडे. बाबा, मला खरं सांगा. लिहिताय की नाही?"

"लिहितोय. पण ते कामासाठी."

"कसलं काम?"

नियम! कुणाला सांगायचं नाही. "ते सांगता येत नाही," मी म्हणालो.

पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेला. मग सुनेचा, मृण्मयीचा आवाज आला. लहान मुलांशी बोलावं तसा. "बाबा, तुम्ही इकडेच या ना कायमचे. इथे एक खूप चांगले डॉक्टर आहेत. नुसतं बोलायचं असतं त्यांच्याशी." मी म्हटलं, "त्यांना तमिळ येत असेल, मला मराठी येतं. काय बोलणार?" आणि फोन ठेवला. शेरा पुसायला निघालो होतो आणि वेडा ठरलो होतो.

बंडोपंतांना वाटलं, प्रयोग यशस्वी झाला. "म्हणजे टपाल चोख आहे. कार्डं येतात म्हणजे कंपनीची पत्रंही येतच असणार. याचा अर्थ ती घरात येऊन हरवतात." माझ्याकडे टक लावून बघत म्हणाले, "होतं असं, विठ्ठलराव. फ्रिजमध्ये बघितलंत का?"

मी फ्रिजमध्ये बघितलं नाही. म्हणजे त्यांच्यासमोर नाही.

मग कंपनीला फोन केला. ऋतिका नावाच्या मुलीने उचलला. आवाज गोड, पण समोरच्या छापील प्रश्नांपलीकडे जायची तयारी नव्हती.

"सर, तक्रार सभासदांनाच करावी लागेल. मॅडमना फोन देता का?"

"त्या नाहीत."

"ओके. कधी येतील?"

साधं उत्तर होतं, एका वाक्याचं. गावभर मी ते दिलं होतं, बँकेत दिलं होतं, गॅस एजन्सीत दिलं होतं. पण 'कधी येतील' असं कुणी विचारलं नव्हतं.

"सर? मी उद्या परत कॉल करू का? संध्याकाळी असतील का मॅडम?"

"माणूस पाठवा," मी ओरडलो. "शेरा मारायला येतो ना तुम्हांला? मग माणूस पाठवा आणि बघून जा!"

माणूस आला. हे मला अपेक्षित नव्हतं. दिग्विजय त्याचं नाव, मूळचा सांगलीकडचा, गळ्यात ओळखपत्र. हिंजवडीची गर्दी ओलांडून आल्यामुळे निम्मा खचलेला होता. मी त्याला घरात न बसवता थेट कैलासच्या दुकानात नेलं. म्हटलं, "सगळं टपाल इथे येतं. विचारा यांना." गुप्तता मी आता साफ सोडून दिली होती. बंडोपंत न बोलावता मागोमाग आले.

दिग्विजयने कैलासला विचारलं, "घोगरेंच्या नावची पाकिटं इथे येतात?"

"न्हाई," कैलास तागडीला म्हणाला.

"अशी." दिग्विजयने बॅगेतून नमुन्याचं एक पाकीट काढून गल्ल्यावर ठेवलं. पांढरं पाकीट, वर टंकलेला पत्ता. आणि खालचा डावा कोपरा कातरलेला.

मी ते बघितलं आणि गल्ल्याला टेकवलेला हात काढून घेतला. आमच्या बार्शीलाही हीच पद्धत होती. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याचं पत्र. ते उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. घरात ठेवायचं नाही.

धोंडाबाई पायरीवरून ताडकन उठल्या. "आनला का आजून एक! आरं, किती मारशीला त्या बाईच्या माहेराला? हाय का न्हाई कोन शिल्लक तितं?"

"कुणाच्या माहेराला?" दिग्विजय मागे सरला.

मग कैलासने कबूल केलं. पाकिटं येत होती. दर आठवड्याला येत होती. पहिलं आलं तेव्हा आशालताला जाऊन महिनाही झाला नव्हता.

"आमी म्हटलं," धोंडाबाई माझ्याकडे वळल्या, "तुझी बायकू आत्ता गेली. डोळ्याचं पानी खळलं न्हाई तुझ्या. आन आमी तुझ्या हातात दुसरं मरान द्यायचं व्हय? कैलासला म्हटलं, ऱ्हाऊ दे. पंधरा दिसांनी देऊ. तवर दुसरं आलं. मंग तिसरं. नाव तिचंच. म्हंजी माहेरची मान्सं आसनार. तिकडं एकेक चाललाय आन त्यास्नी ही गेल्याचं ठावंच न्हाई. म्हटलं, आता चिठ्ठी देऊन तरी काय करायची? ती सगळी तितंच भेटतीली तिला."

"अहो, पण मला सांगायचं तरी!" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"सांगितलं आसतं म्हंजी सुतक धरावं लागलं आसतं तुला. कानावर पडल्यापास्नं सुतक. एक फिटायच्या आत दुसरं. आंगावरचं सुतक उतरलंच नसतं तुझं वरीसभर."

आता मला खांब कळला. टाळ कळला. साखरपुडा कळला. बातमी मला नव्हती म्हणून मला सुतक नव्हतं, पण गावाला बातमी होती. मला सुतक आहे की नाही यावर देवळात म्हणे दोन गुरुवार चर्चा झाली होती आणि कुणाचंच एकमत होईना. म्हणून मला मध्ये, खांबापाशी बसवलं होतं.

"रेश्मीच्या येळंला मी रडलो वो काका," कैलास म्हणाला. "पर एवढी सुतकं घिऊन तुमास्नी मांडवात कसं बोलवू? आन न्हाई बोलवावं तर कसं न्हाई बोलवू?"

"पाकिटं कुठे आहेत?" दिग्विजयने विचारलं. एवढ्या गोंधळात हा मुद्द्याचा प्रश्न त्यालाच सुचला.

पाकिटं दुकानात ठेवायची नव्हती, घरात ठेवायची नव्हती आणि परक्याची म्हणून फाडायचीही नव्हती. म्हणून गोठ्यामागच्या भिंतीवर, खुंटीला टांगलेल्या फुटक्या दुधाच्या किटलीत ठेवली होती. कैलासने किटली आणली. दिग्विजयने एक पाकीट फोडलं. आत कोरा कागद होता. दुसरं फोडलं. कोरा कागद. सगळे कोरे, खाली नुसता एक आकडा.

धोंडाबाईंनी कागद उलटासुलटा करून बघितला. त्यांना वाचता येत नाही, पण काही लिहिलेलं नाही हे वाचता आलं.

"काय न्हाई ह्यात?"

"नाही आजी. नुसती चाचणी असते."

"मंग आमी रडलो कुनासाटी?" त्या खरोखर भडकल्या. "एक जाडं पाकीट आलं व्हतं. म्हटलं ही आई आसंल. त्या दिशी मी आंगुळ केली रं, डोक्यावरनं!"

आशालताची आई आमच्या मनीषच्या जन्माआधीच गेली. तिच्यासाठी धोंडाबाईंनी यंदा अंघोळ केली होती.

मला हसू यायला हवं होतं. पण मी भडकलोच होतो. दिग्विजयला म्हणालो, "कोपरा कातरायची अक्कल कुणाची?" तो म्हणाला, "काका, पाकिटं वेगळी काढायला सोपी जातात म्हणून वरूनच ठरलंय. आमच्या सांगलीलाही ही पद्धत आहे हो. पण मी आजवर ही पाकिटं हातात घेतली नव्हती. मला फक्त कंप्युटरवर आकडे दिसतात." बंडोपंत म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं, टपाल चोख आहे." त्यांना मी काही बोललो नाही, बोललो असतो तर ते लिहिण्यासारखं नव्हतं. मग मी कैलासकडे वळलो. "माझ्या नावची पत्रं माझ्यापासून लपवायची? हा काय न्याय झाला?"

धोंडाबाई बोलल्या. "तुझ्या नावची कुटं व्हती? तिच्या नावची व्हती."

मी पायरीवर बसलो. कैलासने चहा टाकला आणि या वेळी मी घेतला.

दिग्विजयचा प्रश्न निराळाच होता. त्याच्या तक्त्यात पत्र न मिळण्याची कारणं छापलेली होती: पत्ता अपुरा, घर बंद, कुत्रा, इतर. 'इतर'पुढे दोन शब्द मावतील एवढी जागा. तो पेन घेऊन बसला होता. "काय लिहू?"

"सुतक लिहा," बंडोपंत म्हणाले.

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"मग सुतक कसं लिहू?"

शेवटी त्याने 'स्थानिक गैरसमज' असं लिहिलं. मला ते आवडलं नाही. गैरसमज कंपनीचा होता, स्थानिक माणसं बरोबर वागली होती. स्वतःच्याच तोंडून हे वाक्य बाहेर पडल्यावर मी जरा चपापलो, कारण दोनच मिनिटांपूर्वी मी त्यांच्यावर ओरडत होतो.

परत जाताना दिग्विजयने मला बाजूला घेतलं. "काका, काकू गेल्याचं ऑफिसला माहीत नाही. खरं तर ते कळवावं लागेल. पण एक सांगतो. आधी ते कळवू नका."

"का?"

"सभासद गेल्याचा फॉर्म आला की फाईल त्याच दिवशी बंद होते. बंद फाईलवरचा शेरा कुणी काढत नाही. तो तसाच राहतो. आधी शेरा काढायचा अर्ज करा. मी माझा अहवाल जोडतो. शेरा निघाला की मग हा फॉर्म पाठवा." आणि त्याने फॉर्म माझ्या हातात दिला.

म्हणजे तिचं नाव स्वच्छ व्हायचं तर ती कागदावर जिवंत राहायला हवी होती. मी विचारलं, "हे नियमात बसतं?" तो म्हणाला, "क्रम कुठला ते नियमात लिहिलेलं नाही काका."

मी अर्ज लिहिला. बंडोपंतांना दाखवला नाही. कोपरा कातरलेलं पत्र आमच्याकडे काय सांगतं ते सरळ लिहिलं, आणि खाली सही केली. आशालता घोगरे करिता.

त्या काळात मनीष एकदा येऊन गेला. त्याला मी सगळं सांगितलं, किटली दाखवली, धोंडाबाईंनी त्याला पुन्हा सगळं सांगितलं, थोडं वाढवून. तो आधी हसला, मग बाहेर जाऊन उभा राहिला. चेन्नईच्या डॉक्टरांचा विषय त्यानंतर निघाला नाही. रेश्माच्या लग्नात मला अक्षता वाटायला उभं केलं. गुरुवारी माझा टाळ मला परत मिळाला; माझी लय चुकते असं मात्र आता लोक तोंडावर सांगतात.

कंपनीचं उत्तर यायला वेळ लागला, पण आलं. 'सौ. आशालता घोगरे. आपल्या नावापुढील शेरा मागे घेण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपल्या भागात यापुढे कोपरा न कातरता हिरवा ठिपका असलेली पाकिटे वापरण्यात येतील.' खूण त्यांनी आपणहून सांगून टाकली, यावरून गुप्ततेचं काय झालं असेल ते समजावं.

धोंडाबाई आता ही पाकिटं दुकानात ठेवून घेत नाहीत. "कोरा कागूद आन एवढा ताप," म्हणतात. त्यामुळे गेणबाला सायकल घेऊन आमच्या फाटकापर्यंत यावं लागतं. तो फाटकातूनच हाक मारतो, "आशालता घोगरे!" पत्त्यावर नाव तेच असतं, तो तरी काय करणार? मी बाहेर जाऊन पाकीट घेतो आणि आलेल्या तारखेची नोंद करतो. आजवर एकही नोंद चुकलेली नाही.

दिग्विजयचा परवा फोन आला होता. "काका, शेरा निघाला ना? मग तो दुसरा फॉर्म पाठवा आता." मी म्हटलं, "हो, पाठवतो."

फॉर्म टेबलावर आहे. वर सभासदाचं नाव आणि पत्ता मी लिहिला आहे. बाकीचं लिहायचं राहिलं आहे, आणि पाठवायचंही.